भामरेंची तारीख

कोर्टात तारखेला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. न्याय मिळो न मिळो, किस्सा मिळतोच. अंबडच्या आमच्या बस कंपनीत असे किस्से इतके साठलेत की सांगता सांगता चहा गार होतो. त्यातले बरेचसे एकट्या भामरेंचे!

भामरे आमचे ड्रायव्हर, मूळचे सटाण्याचे. नाशिक रोडला पगारेबाबा नावाचे एक म्हातारे सायकलवरून गल्लीतून एकदम बाहेर आले आणि भामरेंच्या बसला धडकले. बाबांचा पाय मोडला, भामरेंवर निष्काळजीपणाची केस झाली. मोठी शिक्षा झाली तर लायसन्स जाणार, म्हणजे नोकरीही.

भामरे राजीनामा घेऊनच शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ म्हणाले, "बसचा विमा काढतो मी, आणि ड्रायव्हरला वाऱ्यावर सोडू? वकील कंपनी देईल."

आमचे शेठ म्हणजे दुसरा कप चहा मागितला तरी भुवया चढवणारा माणूस. त्या दिवशी मात्र मला त्यांचा खरंच अभिमान वाटला.

* * *

वकील आल्या कुलकर्णी मॅडम. त्यांनी सोपा मार्ग सुचवला, "गुन्हा कबूल करा, थोडक्यात सुटलात तर फक्त दंड. तोही कंपनीच भरेल."

भामरे चिडले की अहिराणीत बोलतात. "दंड कंपनी भरी, पण नाव तं मन्हंच खराब हुई ना?"

मॅडमनी तो विषय पुन्हा काढला नाही.

* * *

तारीख म्हणजे ड्युटी, हा शेठचा नियम. म्हणून भामरे कोर्टात खाकी युनिफॉर्म घालून जायचे. लोकांना वाटायचं, हे कोर्टाचे शिपाई. "साहेब, आमचा नंबर कधी?" अशी रांगच लागायची. आणि हा आरोपी सगळ्यांना शांतपणे सांगायचा, "बसा, पुकारा होईल."

* * *

कोर्टात जायला शेठनी कंपनीची कारही दिली, ड्रायव्हरसकट. भामरे मागच्या सीटवर बसून वाटभर पायाने ब्रेक दाबत होते. पुढच्या तारखेपासून शेठनी चावी मुकाट्याने त्यांच्याच हातात दिली.

* * *

शेवटी पगारेबाबांची साक्ष लागली. सगळी केस त्यांच्याच शब्दावर उभी. मॅडम सकाळपासून पाणी पीत होत्या.

सरकारी वकिलांनी विचारलं, "ह्या ड्रायव्हरला ओळखता?"

"न ओळखायला काय झालं? भामरे हायेत ते."

"गाडी कशी चालवतात?"

"लय बेस. आत्ता त्यांच्याच गाडीत आलो ना. दर तारखेला आणत्यात. पोटातलं पाणी हलत नाय."

मॅडमनी फाईल तोंडापुढे धरली. जजसाहेबांनी भामरेंकडे पाहिलं. "तुम्ही ह्यांना घेऊन येता?"

"साहेब, पाय मोडलेला माणूस. रिक्षात कोंबून कसा येणार?"

जजसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि केस संपल्यावर बाबांनी कुठं जायचं म्हटलं तर?"

"मीच नेईन साहेब," भामरे म्हणाले. "लायसन्स राहिलं तर."