पुनवेची आवृत्ती

आमच्या विहारात पौर्णिमेला वंदना व्हायची, खीर वाटली जायची आणि मग मी लिनक्सची नवीन आवृत्ती काढायचो. जगात इतक्या वेळा आवृत्ती काढणारा दुसरा माणूस नसावा, आणि नसावा हेच बरं. मोठ्या देशांतले मोठे लोक सहा महिन्यांनी एक काढतात. काही तर दोन-दोन वर्षं चाचण्या घेत बसतात आणि मग भीत भीत सांगतात, की ही आता स्थिर आहे, वापरायला हरकत नाही. मी चंद्र बघून काढायचो.

मी कुरखेड्याला कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवतो. विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे आणि तिथं कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेले पाच कॉम्प्युटर येऊन पडले होते. विकतची सिस्टिम त्यांच्यावर सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. लिनक्स ही सिस्टिम फुकट असते आणि ती कुणीही उघडून आपल्या सोयीनं बदलू शकतो. वडाभात जसा घराघरात वेगळा, तसं ज्यानं त्यानं आपापल्या हातानं ती बनवून वाटायची. या वाटपाच्या प्रकाराला डिस्ट्रो म्हणतात. मी आणि माझ्या मित्रानं मिळून असाच एक डिस्ट्रो तयार केला: जुन्या मशीनवर चालणारा, मराठीत बोलणारा. जगभरात त्याचे वापरकर्ते म्हणाल तर ती पाच मशीनं, आम्ही दोघं आणि मित्राच्या दुकानातलं एक खोकं.

मित्र धीवर समाजाचा. सकाळी तलावावर जाळं, दुपारनंतर बसस्टँडजवळ मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. डोकं माझ्यापेक्षा तल्लख, पण बोलणं कमी, त्यामुळे श्रेय सगळं मला. किती दिवसांनी आवृत्ती काढायची, यावरून आमची पहिल्या दिवसापासून जुंपलेली. तो म्हणायचा, वर्षातून एकदा. मी म्हणायचो, अशानं आपण मागं पडू. कोणाच्या मागं, असं त्यानं एकदा विचारलं तेव्हा मी विषय बदलला.

पौर्णिमा मी निवडली ती सोयीसाठी. त्या दिवशी सगळे विहारात असतात, कुलूप उघडं असतं, किल्ली कोणाकडे आहे याची शोधाशोध करावी लागत नाही. पण सोयीचं व्यसन कधी झालं ते कळलं नाही. वनखात्यातून रिटायर झालेले एक आजोबा समितीवर होते. खीर संपली, की मिशा पुसत ते सगळ्यांसमोर विचारायचे, "आज काय नवीन हाये, सर?" मग मी उभा राहून सांगायचो. लोक टाळ्या वाजवायचे. कशाला वाजवतायत हे त्यांना कळत नव्हतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

आता दर महिन्याला टाळ्या हव्या म्हटल्यावर दर महिन्याला काहीतरी बदलायला हवंच. मेनू डावीकडून वर नेला, वरून खाली आणला, पुढच्या पुनवेला पुन्हा डावीकडे. एकदा काहीच तयार नव्हतं, तर मित्रानं काढलेला तलावाचा फोटो पडद्यावर लावला आणि तीही आवृत्ती म्हणून खपवली. सगळ्यात जास्त टाळ्या त्या फोटोला पडल्या. एखाद्या शहाण्या माणसाला तेवढ्यावरून उमजलं असतं.

त्या पाच मशीनपैकी खिडकीजवळच्या मशीनवर रोज संध्याकाळी एक बाई बसायच्या. त्यांचा नवरा सरकारी ऑफिसात कारकून होता, तो वारल्यावर त्यांना अनुकंपावर तीच नोकरी मिळाली. पण अट होती. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. बाईंनी तोवर टाइपरायटर काय, कीबोर्डसुद्धा जवळून पाहिला नव्हता. ऑफिस सुटलं की घरी न जाता थेट इथं यायच्या, पदर खोचून बसायच्या आणि एकच उतारा परत परत बडवायच्या. मुदतीच्या आत परीक्षा दोनदाच होती. हे सगळ्या विहाराला माहीत होतं, मलाही होतं.

त्या श्रावणात मला अक्कल सुचली. परीक्षेत चालतो तो कीबोर्ड जुन्या टाइपरायटरवरून आलेला, आणि त्याची रचना माझ्या मते अगदीच गचाळ. रोज लागणारी अक्षरं करंगळीला आणि कधीतरी लागणारी मधल्या बोटाला. मी बसून सात-आठ अक्षरांच्या जागा बदलल्या. मित्राला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, आधी कोणाला तरी महिनाभर वापरू दे. मी म्हटलं, पौर्णिमा परवा आहे. चंद्र थांबतो का?

श्रावण पौर्णिमेला मी उभा राहून जाहीर केलं, की आजपासून मराठी टायपिंग सुधारलेलं आहे. आजोबांनी मान डोलावली, टाळ्या पडल्या. बाई बायांच्या रांगेत होत्या. त्यांनीही वाजवल्या.

इथं मी जे केलं ते गाढवपणाचं होतं, आणि बाईंनी जे केलं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. त्यांना वाटलं, टायपिंग सुधारलं म्हणजे सरकारनंच सुधारलं. वंदनेनंतर विहारात उभं राहून, सरांनी, सगळ्या समितीदेखत सांगितलेली गोष्ट. ती पाच मशीनपुरतीच असेल अशी शंका कोणाला येणार? त्यांनी एक शब्द न काढता नवीन जागा शिकायला घेतल्या. परीक्षेला नऊ दिवस होते. नऊ दिवस त्यांनी, जी अक्षरं बोटांत बसली होती ती उपटून काढली आणि माझी बसवली. मी दोनदा तिथून गेलो. त्यांची बोटं अडखळताना मी पाहिली आणि वयामुळे असेल असं समजून पुढं गेलो.

गडचिरोलीच्या परीक्षा केंद्रावर अर्थातच जुना कीबोर्ड होता.

त्यांचा उतारा थोडक्यासाठी अपुरा राहिला, निकालाआधीच नापास होणार हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या अभ्यासिकेत आल्या, पण खिडकीजवळ बसल्या नाहीत. मी आणि मित्र एका मशीनचा पंखा बदलत होतो, तिथं येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. काय झालं ते त्यांनी सगळं सांगितलं, सेंटरवर कोणत्या अक्षराला बोट कुठं गेलं तेसुद्धा. मग म्हणाल्या, "आता एकच खेप रायली, भाऊ. मले एक सांगा. तुमी काई बदलवलं नाई, तं पुनव उगवत नाई का?"

मी काहीतरी पुटपुटलो. जुनी रचना कशी चुकीची आहे, असं काहीतरी. अजूनही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मित्र पंखा खाली ठेवून म्हणाला, "तलावात माशाची बोटुकली सोडली का दुसऱ्याच महिन्यात जाळं टाकत नाई कोनी. लेका, तू तं दर महिन्यात टाकून राह्यला." एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही खिडकीजवळचं मशीन जुन्या आवृत्तीवर परत नेलं आणि आमच्या डिस्ट्रोचे दोन वाटे केले. धानाची असते तशीच वाटणी: एक हलका, एक भारी. हलका लवकर येतो, वरच्या बांधीत, म्हणजे उंचावरच्या भातखाचरात, लावायचा, बिघडला तरी जीव जात नाही. भारी खालच्या बांधीतला. उशिरा येतो, पण वर्षाचं घर त्याच्यावर चालतं. मित्राच्या दुकानातल्या खोक्यावर हलका, तिथं मी काय हवे ते माकडचाळे करायचे. अभ्यासिकेत भारी. त्यात फक्त सुरक्षेची भोकं बुजवायची. बाकी वर्षभर कशाला हात लावायचा नाही. मित्रानं कागदावर "याले हात लावू नये" असं लिहून तो कागद बाईंच्या मॉनिटरला चिकटवला. सूचना कोणासाठी होती ते सांगायला नको.

त्यानंतरच्या सहा पौर्णिमा मला फार जड गेल्या. भाद्रपदात आजोबांनी मिशा पुसून विचारलं, आणि मी म्हणालो, काही नाही. आश्विनात काही नाही. कार्तिकात त्यांनी काळजीनं चौकशी केली, की तब्येत बरी आहे ना. पौषापासून त्यांनी विचारणंच सोडलं, आणि खरं सांगतो, ते मला जास्त लागलं. काहीही न बदलणं इतकं कष्टाचं असतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. दुकानातल्या खोक्यावर मी नवनवीन करत राहायचो. त्यातलं निम्मं पंधरा दिवसांत मोडायचं आणि मित्र ते न बोलता दुरुस्त करायचा. त्यातलं काही मोडलं की मला खिडकीजवळची बोटं आठवायची. मी घाबरलेला होतो, बाईंपेक्षाही जास्त.

माघात त्यांनी दुसऱ्यांदा परीक्षा दिली. निकाल लागायला वैशाख उजाडला. त्या पास झाल्या. निकालाचा कागद त्यांनी मित्राला दाखवला, त्यानं दुकान अर्ध्यावर बंद केलं आणि मला सांगायला सायकलवर कॉलेजात आला. मी उन्हाळी वर्ग सोडून व्हरांड्यात गेलो आणि चक्क रडलो.

पण माणूस सुधारतो म्हणजे किती सुधारतो? आठवड्यावर बुद्धपौर्णिमा आली होती. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. बाई पास झालेल्या, मशीन मोकळं, आणि माझ्याकडे नऊ महिन्यांचं साठलेलं नवीन. खिशात पेनड्राइव्ह टाकूनच मी विहारात गेलो. वंदना झाली, खीर झाली. लोक पांगायच्या आत म्हणून मी मागच्या खोलीत डोकावलो.

खिडकीजवळच्या मशीनवर दुसरीच बाई बसली होती. धानोऱ्याकडची, तिशीतली, कपाळ मोकळं. आमच्या बाई तिच्या मागे उभ्या राहून तिची बोटं एकेक करून कळांवर ठेवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "हिले बी अनुकंपावर नोकरी लागली, भाऊ. दोन खेपा हायेत हिच्याजवळ."

मॉनिटरवरचा कागद पिवळा पडला होता, पण कोणी काढला नव्हता. मी परत सभागृहात आलो. आजोबांना गर्दी बघून चेव आला असावा. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मिशा पुसल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सर, आज काय नवीन हाये?"

खिशातल्या पेनड्राइव्हवर हात होता. मी म्हणालो, "काहीच नाई."

टाळी एकच वाजली, मागच्या खोलीच्या दारातून.