भिंतीपलीकडची हजेरी

"पाय चुकला," ठकू म्हणाली.

जत्रेचा दिवस, सकाळची वेळ. ठकू म्हणजे ठकूबाई, माझी बायको. ती परसात जात्याशेजारी बसून पुरणाची डाळ पाखडत होती आणि मी तिच्यापुढं तमाशातल्या सोंगाड्याची चाल चालून दाखवत होतो. साठी उलटलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, मान वाकडी करून, घाबरल्यासारखा चार पावलं पुढं आणि तीन मागं. गुडघे कुरकुरत होते. पण जत्रेला नवा तमाशा उभा राहायच्या आधी तिला गेल्या सालचं सगळं एकदा उजळून घ्यायचं असायचं. दरसालचा नेम होता आमचा.

"कुठं चुकला?" मी विचारलं.

"उजवा आदी टाकलात. त्यो डावा टाकतो."

"मी समोर बसून बघतो. तू भिंतीआड. तुला काय ठाऊक?"

"त्याच्या डाव्या वहाणेला आंगठा न्हाई, हे तुमीच सांगितलं हुतं. आदी फरफटतं, मग टाप वाजती. म्हंजी डावा आदी."

"इतकी वर्षं काय त्याच वहाणा घालतो व्हय तो?"

"सोंगातली वहाण कोन बदलतंय?" तिनं सूप झटकलं. "उद्या हजेरीला पायाकडं बघा. तोंडाकडं नगा बघू. आन खरं काय ते येऊन सांगा."

"सांगतो."

"माझं खरं निघालं तर?"

"तर जन्मभर तुझं ऐकीन."

"जलम ऱ्हायलाय किती!" असं म्हणून ती हसली.

दुपारी ती गेली. जेवणं झाली, "जरा टेकते" म्हणाली आणि परसातल्या भिंतीला पाठ लावून बसली. सून चहाला हाक मारायला गेली तर टेकलेली ती टेकलीच होती. दिवस मावळायच्या आत पवनेच्या काठी सगळं उरकलं. गावानं त्या दिवशीचा तमाशा बंद ठेवला.

मी गवंडी माणूस. शाळा दुसरीपर्यंत. दगडावर कोळशानं आकडे लिहायचे, एवढंच माझं लिहिणं. पण ठकू कशी होती हे गावातल्या कुणालाच ठाऊक नाही, आणि मी गेलो की ठाऊक असणारा एकही उरणार नाही. म्हणून लिहितो.

आमच्या परसाची भिंत म्हणजे देवळापुढच्या मैदानाची कड. जत्रेला खेडच्या बाजूचा फड यायचा. पहिल्या दिवशी तमाशा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात, देवासमोर, तीच मंडळी पुन्हा उभी राहून गायची, नाचायची, हसवायची. त्याला हजेरी म्हणतात. हजेरी झाल्याशिवाय फडानं गाव सोडायचं नाही, असा रिवाज. बघायला फक्त बाप्ये. घरंदाज बाईनं तमाशाच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं नाही, असला आमचा गाव. ठकूनं उभ्या जन्मात तमाशा डोळ्यानं बघितला नाही. भिंतीला लागून जातं होतं. ती तिथं बसून ऐकायची.

नवी नवरी असताना तिनं मला पहिल्यांदा विचारलं होतं, "'आलो सरकार' म्हनल्यावर लोक येवढं का हसलं?" मी म्हणालो, "त्यानं चालून दाखवलं." ती म्हणाली, "मंग तुमी दावा." मी लाजत दोन पावलं टाकली. ती अशी हसली की मला वाटलं, थापी टाकून आपणच सोंगाड्या व्हावं. तेव्हापासून ठरूनच गेलं. मी बघायचं, तिनं ऐकायचं, आणि घरी आल्यावर दोघांनी मिळून तमाशा पुरा करायचा. मला शब्द आठवायचे नाहीत. तिला एकदा ऐकलेला अख्खा वग तोंडपाठ असायचा. कुठं ढोलकी थांबली, कुठं कोण खोकलं, तेही. ती म्हणायची, "डोळा उसना मिळतो, कान ज्याचा त्याला."

एका साली दिवसभर चुना दळायच्या घाणीवर राबलो होतो. मैदानात जाऊन बसलो तो कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून झोपलो. उठलो तेव्हा लोक सतरंज्या झटकत होते. आता हिला काय सांगायचं? घरी येऊन ठोकून दिलं. राजा लढाईत मेला, राणी रडली, प्रधानानं राज्य बळकावलं. ठकू भाकरी थापत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "राजा मेला व्हय? मी तर त्याला शेवटी गाताना ऐकला."

मी म्हणालो, "मेल्यावर गायला."

"आन तुमी कुठं हुता?"

"तिथंच होतो की. पुढं बसलो होतो."

"न्हाई. तुमचं हसणं न्हाई आलं." तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "पाटील हसतो त्यो खोकल्यावानी. न्हावी हसतो त्यो रडल्यावानी. तुमी हसता तवा आदी नाकातनं आवाज येतो. पाचशे मानसांत मला कळतो त्यो. आज येकदा बी न्हाई आला."

पाचशे माणसांत, ढोलकी-तुणतुण्याच्या कल्लोळात, भिंतीपलीकडून ही बाई माझं नाक वेगळं काढत होती. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मग तिनं खरा वग पहिल्यापासून मला सांगितला, गाण्यांसकट. मी तमाशा चुकवला असं त्या साली म्हणताच येणार नाही.

आता माझी लबाडी सांगतो.

आमची पोरं लहान होती तेव्हाची गोष्ट. हजेरी चालली होती. फडाचा गाणारा उन्हानं आणि जागरणानं थकला होता. गवळण म्हणता म्हणता अडकला. "दही सांडलं बाई रानात" इथं आला आणि पुढची ओळ त्याला सापडेना. ढोलकीवाला तोच ठेका फिरवत राहिला. लोक शीळ घालायला लागले. आणि आमच्या भिंतीपलीकडून स्वच्छ आवाज आला, "सांगू सासूला कोन्या तोंडानं."

शिट्ट्या थांबल्या. गाणाऱ्यानं ओळ उचलली, गवळण पुरी झाली. पण माझ्या कानात काही शिरेना. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली होती. शेजारचा म्हणाला, "गवंडी, तुमच्या परसात बी फड हाय का काय, राव?"

घरी येऊन मी ठकूवर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "गाडं अडलं तर हात लावावा. कुनाचं गाडं ते इचारू नये."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर दोन थर चढवले. माझ्या मागं उभं राहून दगड उचलून देणारी तीच होती. चुनाही तिनंच कालवला. शेवटचा दगड मी बसवत होतो तेव्हा म्हणाली, "येक झरोका ठेवा. माझ्या डोळ्यायेवढा. जात्यापाशी बसल्यावर दिसंल असा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तमाशाकडं बघत्यात. भिंतीकडं कोन बघतंय?"

मी झरोका ठेवला नाही. लोकांच्या घरांना मी किती खिडक्या बसवल्या, त्याला गणती नाही. हिला डोळ्याएवढं भोक दिलं नाही.

आणि खरी लबाडी तर पुढंच आहे. त्यानंतरच्या सालापासून सोंगाड्या हजेरीला उभा राहिला की आधी देवाला नमस्कार करायचा आणि मग वळून आमच्या भिंतीला. लोकांना वाटायचं, चारी दिशांना करतोय. पण तो दोनच दिशांना करायचा. मी सोंगाड्याचं सगळं तिला दाखवलं. खोकणं, पडणं, लाजणं, चोरून लाडू खाणं. तो नमस्कार कधी दाखवला नाही. दाखवला असता तर ओळ सांगण्यात तिचं खरं आणि भिंत चढवण्यात माझं खोटं ठरलं असतं, म्हणून. त्याला आवाज नव्हता. तिला कळायची सोय नव्हती.

परवापरवा पिंपरीला कारखाना उभा राहिला. तिथल्या भिंतींवर मी काम केलं आणि थोरला तिथंच कामाला लागला. एका रविवारी दुपारी कामगारांसाठी गाण्यांचा आणि नकलांचा कार्यक्रम होता. थोरला म्हणाला, "आई, तिथं बायका बी बसत्यात. खुर्च्या हायेत." आम्ही बैलगाडीनं गेलो. मी बाप्यांत, ती दोरीपलीकडं बायकांत. एक नकल्या आला, त्यानं रेल्वेचा साहेब केला, सावकार केला, भांडणारी विहीण केली. सगळे लोटपोट. मी ठकूकडं बघितलं तर ती डोळे मिटून बसलेली.

येताना गाडीत मी चिडलो. "एवढं बघायला नेलं तर डोळे मिटून बसलीस?"

"उघडं ठेवलं तर ऐकूच यीना." आणि पुढं म्हणाली, "मागितलं तवा दिलं असतं तर शिकलं असतं. आता डोळं शिकत न्हाईत." तिनं मला कोपरानं ढोसलं. "असू द्या. त्या इहिनीनं पदर कसा खोचला, त्ये दावा."

चालत्या गाडीत उभं राहून मी पदर खोचून दाखवला. एवढं मोठं मन मी कुणाचं बघितलं नाही.

आता ती गेल्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी पाटील दारात आले. बाहेरच उभे राहिले. म्हणाले, "तात्या, दुखवटा तुमच्या घरात. भिंतीला लागून ढोलकी कशी वाजवायची? फडाला तसाच परत धाडतो."

"ढोलकी वाजली पाहिजे," मी म्हणालो. "तिनं मला एक काम सांगितलंय."

"कसलं काम?"

"सोंगाड्याचा पाय बघायचाय."

पाटलांनी थोरल्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "म्हाताऱ्याकडं ध्यान दे, बाबा." पण गेले आणि फडाला उभं राहायला सांगितलं.

मला सुतक. देवापुढच्या मैदानात पाय टाकता येत नव्हता. मी परसात जाऊन जात्यापाशी तिच्या जागेवर बसलो. डाळीचं सूप तिथंच होतं. ढोलकी सुरू झाली. गाणं सुरू झालं. उठून टाचा उंच केल्या तर कपाळापुढं माझेच दोन थर. तीस वर्षं ऊन-पाऊस खाऊन बांधकाम जागचं हललं नव्हतं. पलीकडं घुंगरू वाजले, कुणीतरी काहीतरी केलं असावं, बारकी पोरं फिदीफिदी हसली. काय केलं ते मला कळेना. विचारायला मी शेजारी वळलो आणि मग ध्यानात आलं.

मी आत जाऊन पहार आणली.

सून म्हणाली, "मामंजी, काय करताय?" मी तिला बाजूला हो म्हणालो. जात्यापाशी खाली बसून ठकूचे डोळे जिथं यायचे तिथं खूण केली आणि सांध्यात पहार घातली. चुना कडक होता, तिनं कालवलेला. दहा-बारा घाव लागले. दगड सुटला आणि पलीकडं मैदानात धप्पकन पडला.

ढोलकी थांबली. पाचशे डोकी भिंतीकडं वळली असणार. आयुष्यभर ज्याला भ्यालो तेच झालं होतं. मी भोकाला तोंड लावून ओरडलो, "काय बघताय? ठकूबाईचा झरोका हाय ह्यो. चालू द्या!"

मग तोंड काढून डोळा लावला. सोंगाड्या मधोमध उभा होता. म्हातारा झालाय तोही. त्यानं देवाला नमस्कार केला. मग वळला आणि भोकाकडं बघून, कमरेत वाकून, दुसरा केला. मी तसाच तिच्या जागेकडं वळलो आणि हात जोडून दाखवला. "असा करायचा. दरसाल. तुला."

पलीकडून आवाज आला, "आलो सरकार!"

मी पुन्हा डोळा लावला. तोंडाकडं बघितलं नाही. पायाकडं बघितलं. आधी फरफटलं, मग टाप वाजली. अंगठा नसलेली वहाण, डावी.

ह्या खेपेला मैदानात कुणी हसलं नाही, पोरंही नाही. दुखवट्याच्या घरापुढं कोण हसणार? सोंगाड्या चार पावलं आला, तीन मागं गेला आणि तसाच अवघडून उभा राहिला. गाडं अडलं होतं.

"डावा," मी तिला सांगितलं. आणि मग हसलो, आधी नाकातनं आवाज येतो तसा. जन्मात पहिल्यांदा भिंतीच्या ह्या बाजूनं.