सारख्या भावातली मोठी बंदूक

बंदुकीबद्दल सगळ्यात जास्त तोच बोलतो, ज्याने ती कधी खांद्याला लावलेली नसते. वसईच्या एव्हरशाईन सिटीत माझ्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले राहतात. मी नामिबियाला शिकारीला निघालोय हे कळल्यावर ते आपणहून चहाला आले आणि दीड तास मला गोळीचं वजन, गोळीचा वेग आणि नळीचा व्यास समजावत बसले. सगळं मोबाईलवर पाहिलेलं. आयुष्यात त्यांनी डासाशिवाय काही मारलेलं नाही, तेही रॅकेटने. जाताना दारात चपला शोधत म्हणाले, "मॅग्नमच घ्या. घ्यायची तर मोठीच घ्यायची." मी मनात हसलो. पुढे मी नेमकं तेच केलं, हे त्यांना मी आजवर सांगितलेलं नाही.

शिंगं भिंतीवर टांगायची मला हौस नव्हती आणि मटणासाठी एवढ्या लांब जायला मी वेडा नाही. वालीवला माझा गाळा आहे, तिथे पाण्याच्या पंपांचे पितळी बुश बनतात आणि त्यातले काही नामिबियातल्या शेतांवर जातात. तिथे शेतमालक आपल्या कुंपणातली हरणं, झेब्रे, ओरिक्स कायद्याने शिकारीला देतात. माल घेणाऱ्याने ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे माझी सोय केली. तिथे मला एकच काम करायचं होतं. दादाच्या डोळ्यांदेखत एक जनावर एका गोळीत पाडायचं. म्हणून त्याचं तिकीटही मीच काढलं. लोक थोरल्या भावाला काशीला नेतात. मी साक्षीला नेला.

कारण जुनं आहे. आमची केळीची वाडी समुद्राच्या अंगाला, पण भाताचा एक तुकडा पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराखाली होता. तिथे रानडुकरं यायची. राखणीसाठी बाबांकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. मी एकोणीस वर्षांचा असताना दिवस मावळायला एक डुक्कर भातात शिरलं. बाबा बांधावर उभे होते. दादाने बंदूक भरून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू मार, तुला फार हौस." वीस पावलांवरून मी बार टाकला. डुक्कर किंचाळलं, पण पडलं नाही. ते करवंदीच्या जाळीत घुसलं. दादा आणि आमचा राखणदार मागोमाग आत गेले आणि कोयत्याने त्याचा शेवट केला. दादा बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा रक्ताने भिजलेला होता. बाबांकडे बघून तो म्हणाला, "याचा हात थरथरला."

ते वाक्य आमच्या घरात चौतीस वर्षं राहिलं, आणि दादाने ते जेवूखाऊ घालून पोसलं. माझ्या लग्नात मी मंगळसूत्र बांधताना तो मागून म्हणाला, "जरा सांभाळून, हात थरथरतो त्याचा." पहिलं लेथ घेतलं त्या पूजेला म्हणाला. माझ्या मुलीच्या बारशाला तिला माझ्याकडे देताना म्हणाला. पाहुणे हसायचे. मी टर्नर आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या हिशोबात मी पितळ कापतो. बापाची वाडी दादाकडे राहिली, माझ्याकडे डिग्रीही नव्हती. होता तो हात. आणि त्यावरच हा माणूस बोट ठेवत राहिला.

शेतावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने पडवीतल्या टेबलावर तीन रायफली मांडल्या. एक तीनशे आठ, एक थर्टी-ओ-सिक्स आणि एक तीनशे मॅग्नम. प्रत्येकीपुढे तिची काडतुसं. पिशवीतून मी माझा जुना व्हर्नियर काढला आणि तिन्ही काडतुसांच्या गोळ्या मापल्या. तिन्हींचा व्यास सारखा, आठ मिलिमीटरला जरासा कमी. फरक होता तो मागच्या पितळी पुंगळीत. मॅग्नमची पुंगळी लांब आणि जाड, म्हणजे दारू जास्त.

"गोळी तीच, धक्का मोठा," म्हातारा म्हणाला. "तुम्हाला ही धाकटी पुरेल."

मी भाडं विचारलं. तिन्हींचं सारखं होतं. सारख्या भावात मोठा माल समोर असताना लहान उचलणारा माणूस आमच्या बाजारात अजून जन्मायचाय. मी मॅग्नम उचलली. वर काडतुसंही हलक्या, वेगवान गोळीची मागितली, कारण डब्यावर वेगाचा आकडा मोठा छापलेला होता.

शंभर मीटरवर कागद लावून मी तीन बार टाकले. पहिल्याने खांदा सुन्न झाला. दुसरा आणि तिसरा कागदाच्या दोन टोकांना लागले. दादा मागे खुर्चीत बसला होता. त्याने आपलं वाक्य मराठीत म्हटलं. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, पण दादाच्या सुरावरून त्याला समजलं असावं.

"हात नाही," तो मला म्हणाला. "तुम्ही डोळे मिटताय. धक्का येणार म्हणून आधीच. प्रत्येक जण मिटतो, कबूल कोणी करत नाही."

मग त्याने आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. जनावरांच्या अंगातून काढलेल्या जुन्या गोळ्या होत्या. काही अळंबीसारख्या छान उमललेल्या, जड. काहींची नुसती तांब्याची सालं उरलेली, वाटाण्याच्या टरफलासारखी. त्याने एक साल माझ्या तळहातावर ठेवलं. ही तुम्ही मागितलीत तशीच हलकी, जोरात निघालेली गोळी, म्हणाला. जवळून ओरिक्सच्या खांद्याच्या हाडावर बसली आणि तिथेच फुटली. नेम बरोबर होता. गोळी आत पोचलीच नाही. ते जनावर त्याला दीड दिवस शोधावं लागलं होतं.

मी ते साल बघत राहिलो आणि मला ते डुक्कर आठवलं. जाळीतून ओढून काढलं तेव्हा त्याची कूस मी पाहिली होती. खांद्यामागे, जिथे मी नेम धरला होता तिथेच, ताटाएवढ्या जागेत बारीक ठिपके होते, देवीच्या व्रणांसारखे. भोक एकही नव्हतं. राखणदाराने बोटाने चाचपून म्हटलं होतं, "कातड्यातच राह्यले." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. लावायची हिंमतही नव्हती.

दुपारी दादा पडवीत घरून आणलेली सुकेळी खात होता. वसईची ती वाळवलेली केळी त्याने आठ हजार किलोमीटर वाहून आणली होती आणि म्हाताऱ्यालाही त्यांची चटक लावली होती.

"दादा, त्या डुकराच्या वेळी बंदुकीत कुठलं काडतूस होतं?"

"काडतूस होतं."

"मोठ्या छऱ्याचं की बारीक?"

तो चावत राहिला. "बारीक."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"वर लिहिलेलं असतं की."

"पाखरं मारायचं काडतूस डुकराला घालून दिलंस, आणि वर माझा हात थरथरला?" माझा आवाज चढला होता. कुंपणाजवळचा कुत्रा उठून उभा राहिला.

"पेटीत तेवढंच होतं."

"पेटीत तेवढंच का होतं?"

"अरे," दादा शांतपणे म्हणाला, "पेटी कोणी आणली होती?"

मी आणली होती. बाबांनी परवाना आणि चिठ्ठी देऊन मला मुंबईला पाठवलं होतं, मोठ्या छऱ्याची काडतुसं आणायला. दुकानदार भाव सोडेना. शेवटी त्याने कोपऱ्यातली बारीक छऱ्याची जुनी पेटी अर्ध्या किमतीत दाखवली. मी ती घेतली. छर्रा तो छर्रा, म्हटलं. उरलेल्या पैशात चोरबाजारातून एक व्हर्नियर घेतला. तोच व्हर्नियर दादाशी हे बोलताना माझ्या पिशवीत होता.

"बाबांनी चामडी लोळवली असती तुझी," दादा म्हणाला. "म्हणून मी दोष हातावर नेला."

"ते त्या दिवशी. पुढची चौतीस वर्षं कशाला?"

"सवय लागली. आणि तू चिडतोसही छान."

यावर मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकटी रायफल घेतली, तीनशे आठ, आणि जड, संथ गोळी. भाडं तेवढंच दिलं. ते मला अजून खुपतं. काटेरी झुडपांतून तासभर चालल्यावर एक ओरिक्स दिसला, घोड्याच्या बांध्याचा, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा, भाल्यासारख्या सरळ शिंगांचा. म्हाताऱ्याने तीन काठ्यांचा टेकू उभा केला आणि कुजबुजला, "त्याचं काळीज खाली असतं. पुढच्या पायावरून वर या, एक तृतीयांशावर थांबा." मी डोळे उघडे ठेवले. बार झाला. जनावर चाळीस-पन्नास पावलं धावलं आणि कोसळलं. पुन्हा हललं नाही.

दादा मागे उभा होता. पुढे येऊन तो जनावराभोवती एकदा फिरला. मग म्हणाला, "गोळी चांगली होती."

ती गोळी म्हाताऱ्याने पलीकडच्या कातड्याखालून काढून मला दिली. उमललेली, चौदा मिलिमीटर. मी मापली आहे.

परत आल्यावर वाडीतल्या घरी सगळे जेवायला जमले. दादाच्या सुनेने त्याला विचारलं, "मामंजी, काकांनी खरंच मारलं?" मी ताटावरून मान वर केली. दादाने भातावर आमटी घेतली आणि म्हणाला, "मारलं. म्हाताऱ्याने काठ्यांचा टेकू दिला होता. नाहीतर माहीत आहे ना, हात." सगळे हसले.

जेवणानंतर मी त्याला विहिरीपाशी गाठलं. सगळ्यांसमोर एकदा सांग, म्हटलं, की त्या दिवशी हात थरथरला नव्हता.

"सांगतो," तो म्हणाला. "पण मग पेटी कोणी आणली तेही तू सांगायचं. त्याच बैठकीत, आधी तू."

मी म्हटलं, आधी तू. तो म्हणाला, मग राहू दे. आयुष्यभर मी लोकांना भावात नमवलं, आणि हा वाडीत केळी राखत बसलेला माणूस माझ्याच मालाची किंमत मला सांगतो आणि पैसाभर खाली येत नाही. सौदा तिथेच अडला आहे. पेटी मी आणली हे इथे लिहिलं आहे खरं, पण दादा वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांपलीकडे काही वाचत नाही. तेव्हा ही कबुली धरू नये.