काकूने बोललेले सिनेमे

आमचे काका शिंपी. कुंग फूच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचं त्यांना भारी वेड. मशीनमागचं अख्खं कपाट त्यांनीच भरलेलं. सिनेमे सगळे चिनी भाषेत, आणि चिनी आमच्याकडे कुणाच्या बापाला येत होतं? म्हणून काज-बटणं करता करता काकूच पडद्यावरच्या सगळ्यांच्या वतीने बोलायची. पांढऱ्या दाढीचा गुरू शिष्याला बदडायला लागला की म्हणायची, "मेल्या, जेवण गार होतंय, आधी हात धू!" काका हसत हसत उठायचे, कारण ती हाक त्यांच्यासाठीच असायची.

काकू गेली आणि कपाट बंदच राहिलं. काका कुणाशी धड बोलेनात. मला बघवेना, म्हणून त्यांच्या लाडक्या सिनेमाची आपल्या भाषेतली सीडी शोधून आणली.

गुरू म्हणाला, "सूड घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

काका भडकले. "काहीतरीच! तो असं म्हणतच नाही."

"काका, खरं तेच आहे."

"तुझं खरं तुझ्यापाशी ठेव!" त्यांनी आवाज पार बंद केला.

पडद्यावर गुरूने हात उगारला. काका मुकाट्याने उठले आणि हात धुऊन आले.