होळीतला आधार कॅम्प

छगन गुरुजींचं अक्षर सुरेख होतं आणि त्याचा त्यांना गर्वही भरपूर होता. त्यामुळे मुलांच्या सगळ्या नोंदी संगणकावर न्यायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. मग एकदा नाइलाजाने लॅपटॉप उघडला आणि माणूस पार बदलला. पासवर्ड म्हणून घरच्या बैलाचं नाव ठेवलं. शाळेमागच्या खडकावर रेंज येते हे शोधून काढलं आणि रोज दुपारी डोक्यावर उपरणं घेऊन ते तिथे ठाण मांडू लागले. ज्या मुलाची नोंद पूर्ण, त्याचं नाव पोर्टलवर हिरवं. अपुरी असली की लाल. लाल नाव दिसलं की गुरुजींना घास गोड लागत नसे. सुट्टीत प्रकाशा या आपल्या गावी घरी गेले तरी तेच पुराण. त्यांची बायको बेबीबाई वैतागून म्हणायची, "मन्हं नाव कोणता रंगमा शे, ते बी देखी ल्या एकदाव!"

शाळा होती सातपुड्यातल्या एका पाड्यावर, सातवीपर्यंतची. त्या वर्षी झटून झटून शेवटी एकच लाल नाव उरलं. सातवीतला खात्या. त्याच्या लहानपणच्या आधार कार्डाला बोटांचे ठसे जोडलेले नव्हते. ठसे दिल्याशिवाय नोंद पूर्ण होणार नव्हती, आणि नोंद पूर्ण झाल्याशिवाय शहाद्याच्या वसतिगृहात आठवीला जागा मिळणार नव्हती. आणि हा गडी होता कुठे? दिवाळीनंतर आईबापांबरोबर गुजरातेत, ऊसतोडीला. बाप उदेसिंग फोनवर गुरुजींना साफ म्हणाला होता, "जागा मिळाली तर शिकेल. नाही तर आमच्याबरोबर तोडीला येईल." पोरगं असं की गणितात गुरुजींनाच पेचात पकडायचं. त्याला उसाच्या फडात जाऊ द्यायला गुरुजी तयार नव्हते.

पण पाड्यावरचं माणूस कुठेही पोटाला गेलेलं असो, होळीला घरी येतंच. गुरुजींनी हे बरोबर हेरलं. शहाद्याहून आधारची मशीन घेऊन येणाऱ्या धर्मेंद्रला त्यांनी ऐन होळीच्या दिवशीच बोलावलं. दुसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक मजुरांना परत नेणार होता, त्याआधी काम फत्ते. आपल्या या अकलेवर ते इतके खूश झाले की बेबीबाईला दोनदा फोन करून सांगितलं.

फक्त एक गोष्ट राहून गेली. इतकी वर्षं पाड्यावर नोकरी केली, पण दर होळीला गुरुजी रजा टाकून प्रकाशाला पुरणपोळीवर ताव मारत. पाड्याची होळी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

होळीच्या दिवशी खात्या शाळेत आला तो अंगभर राख फासून. राखेवर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. चालला की सगळा खुळखुळाट. धर्मेंद्रने त्याचा अंगठा मशीनवर दाबला, पुन्हा दाबला, आणि कपाळाला हात लावला. "गुरुजी, येन्हं बोट शे का चूल? ठसाच उमटत नही!"

"जा रे, हात धुऊन ये," गुरुजी म्हणाले. खात्या जागचा हलला नाही. त्याची आई दिवलीबाई पुढे झाली आणि पावरीत बोलू लागली. गुरुजींना आता ती बोली समजत होती. खात्याने यंदा पहिल्यांदा पालनी घेतली होती, म्हणजे होळीचं व्रत. होळी पेटेपर्यंत अंघोळ नाही, पायात चप्पल नाही, खाटेवर झोप नाही. पहाटे होळी पेटली, नाचून झालं, की नदीवर अंघोळ. तेव्हाच पालनी सुटणार.

"अगं, अंघोळ नको! एक अंगठा धुऊ दे, एकच!" गुरुजी काकुळतीला आले.

"त्याने पालनी कशासाठी घेतली, ते विचारा गुरुजी," दिवलीबाई म्हणाली.

खात्या खाली मान घालून म्हणाला, "शहाद्याला नंबर लागावा म्हणून."

नवससायासावर गुरुजींचा काडीचा विश्वास नव्हता. पण आपण खडकावर बसून ज्या नोंदीसाठी जिवाचं रान केलं, तिच्यासाठी हे पोर अनवाणी फिरत होतं, उघड्या जमिनीवर निजत होतं. त्यांना एकदम भरून आलं. त्यानंतर अंगठ्याचा विषय त्यांनी काढला नाही.

आता अडवायचं होतं धर्मेंद्रला. तो मशीन आवरत होता. "मी चालनू गुरुजी. सकाय धुळवड शे. मन्ही बायको माले घरमा येऊ देवाव नही."

"भाऊ, एक रात ऱ्हाय. तुन्हा पाय धरस," गुरुजी म्हणाले आणि खरंच वाकले. वडीलधारा माणूस वाकलेला पाहून धर्मेंद्र ओशाळला आणि कुरकुरत थांबला. ढोल वाजू लागले तसा तो "जराखं देखी येस" म्हणून गेला आणि पहाटेपर्यंत परतलाच नाही. गुरुजीही दोन गिरक्या घेऊन आले, पण ते बेबीबाईला सांगितलं नाही.

सकाळी खात्या नदीवरून आला. केस ओले, हात स्वच्छ. मशीन लागली. आधी ऑपरेटरचा स्वतःचा अंगठा लागतो. धर्मेंद्रने दाबला. नकार. पुन्हा दाबला. पुन्हा नकार. रात्रभर नाचून त्याच्या हातावर राखेची पुटं चढली होती! आता खात्यानेच त्याला हाताला धरून नदीवर नेलं, आणि सगळा पाडा हसून हसून लोटपोट झाला.

अखेर ठसे उमटले. गुरुजी पावती घेऊन खडकावर धावले, तिच्यावरचा नंबर पोर्टलवर भरला आणि लॅपटॉप तसाच उघडा घेऊन खाली आले. रस्त्यावर ट्रक हॉर्न वाजवत होता. उदेसिंगला वाचता येत नव्हतं. त्याने पडद्याकडे टक लावून पाहिलं.

"हिरवं?"

"हिरवं," गुरुजी म्हणाले.

उदेसिंगने ट्रकवर आधीच चढवलेली खात्याची गोधडी ओढून काढली, पोराच्या हातात दिली आणि एकटाच वर चढला. दिवलीबाईने आता आजीपाशी राहा, तिला त्रास देऊ नकोस म्हणून बजावलं, नवऱ्यामागे ट्रकवर चढली आणि पदराने डोळे पुसले. खात्या वळणापर्यंत ट्रकमागे धावला. परत आला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं.

"गुरुजी, आज शाळा आहे?"

"आज धुळवडीची सुट्टी," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी वर्गाचं कुलूप उघडलं.