‘मरली’ म्हणजे काय? वैनगंगेच्या काठावर तीन दिवस

नाशिकहून निघताना माझ्या बॅगेत दोन स्वेटर, डासांचं मलम आणि मुलीला परत आणण्याचा बेत होता. प्रवासाबद्दल लिहिणाऱ्यांना डोंगर बोलावतात, नद्या साद घालतात. मला भंडारा जिल्ह्यानं अजिबात बोलावलं नव्हतं. नागपुरात इंजिनियरिंग शिकणाऱ्या माझ्या सानिकानं फोनवर सांगितलं, की ती कॉलेजच्या बोटीत आहे आणि वैनगंगेच्या बॅकवॉटरवर तीन दिवस शर्यत आहे. त्यात मागची बोट पुढच्या बोटीला धडकते.

“चुकून?” मी विचारलं.

“नाही आई, मुद्दाम.”

त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी सूचना: भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही. तिथून शहरात रिक्षानं यायचं, मग पवनीकडे जाणारी एसटी पकडून अड्याळला उतरायचं. रस्ता बरा आहे. हिवाळ्यात सकाळी धुकं इतकं असतं, की ड्रायव्हर काचेतून बघतो आहे की आठवणीवर चालवतो आहे, कळत नाही. अधूनमधून धुक्यातून धानाचे पुंजणे, म्हणजे कापून रचलेल्या धानाचे गोल ढीग, एकदम अंगावर यायचे. मला ते उलट्या पडलेल्या बोटींसारखे दिसत होते. त्यावरून माझी अवस्था ओळखा.

अड्याळला बिसनभाऊंच्या घरी खोली मिळाली. धानाची शेती करणारं कुटुंब. नाशिकच्या हॉटेलात नुसत्या नाश्त्याला जे मोजतो, तेवढ्यात दोन वेळचं जेवण आणि वर बिसनभाऊंचं समालोचन. काकूंनी लाखोरीच्या डाळीचे वडे आणि वाफाळता भात वाढला. मी दोन घास खाल्ले. एरवी मी भातापुढे कुणाला ओळखत नाही.

पहिल्या दिवशी बिसनभाऊंनी त्यांच्या मोटारसायकलवर काठावर नेलं. पाणी प्रचंड आणि गप्प. मध्येच वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. “माह्या मामाचं गाव हाये याच्या खाली,” ते म्हणाले. धरणात गेलेलं गाव.

शर्यत अशी: बोटी एकामागोमाग, सारखं अंतर ठेवून उभ्या करतात. सुरुवातीच्या इशाऱ्याला फटाका. मग प्रत्येकीनं पुढचीला गाठून शिवायचं, मागचीनं शिवायच्या आत. शिवलं की दोघी बाजूला होतात आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलतात. वल्हं मारणाऱ्या चौघी मागे तोंड करून बसतात, म्हणजे पाठलाग करणारी बोट त्यांना दिसते. पाचवी सुकाणू धरते. ती बोटीच्या शेपटाशी, पुढे तोंड करून बसते. धडक येते ती थेट तिच्या पाठीत, आणि येताना तिला दिसत नाही.

पाचवी म्हणजे अर्थातच सानिका. बोटीत वल्ह्यांच्या चार जागा असताना हिनं नेमकी हीच निवडली.

फटाका वाजला. बोटी दूर गेल्या, एकमेकींत मिसळल्या आणि काठावरून आरडाओरडा सुरू झाला. “मरली! मरली!”

मी धावले. चप्पल चिखलात राहिली. बिसनभाऊ मागून आले आणि त्यांनी दंडाला धरलं. “घाबरून काहून राहिल्या ताई? खेळात मरली. कबड्डीत मरत नाही का? आन तुमची नाही मरली, तुमचीनं मारली.”

“मग मेलेलीचं काय होतं?”

“उद्या जिती होते. एक नंबर खाली.”

इतका उदार मृत्यू मी आयुष्यात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सानिकाच्या बोटीला कुणी शिवलं नाही, तिनंही कुणाला शिवलं नाही. मी समाधानाचा चहा घेणार, तेवढ्यात रांगेच्या मागच्या टोकाला गडबड झाली. मागची बोट अगदी टेकायला आली असं वल्हेवाल्या ओरडल्या, की सुकाणूवालीनं हात वर करायचा, म्हणजे हरले, थांबा. तिथल्या एका मुलीनं केला नाही. मागच्या बोटीचं टोक तिच्या शेपटावर चढलं आणि मुलगी पाण्यात. मासेमारांच्या डोंग्यानं तिला आणलं तेव्हा ती रडत नव्हती, नुसते दात वाजत होते. खांदा दुखावला होता, हात झोळीत बांधला. काठावर यावेळी कुणीही “मरली” म्हणालं नाही. तीच शांतता मला जास्त लागली.

संध्याकाळी मी सानिकाला टपरीवर गाठलं आणि म्हटलं, उद्या तू बसायचं नाहीस. तिनं चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं.

“आई, हात वर केला की थांबतात. एवढंच आहे ते.”

“तू कधी कुठल्या गोष्टीला हात वर केला आहेस?”

“तू केलास?”

शेवटी मी परत नेण्याचा बेत सोडला आणि एवढंच मागितलं, की वेळ आली तर हात वर कर. ती म्हणाली, “बघू.” हा शब्द मीच तिला शिकवला आहे. त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.

तिसऱ्या दिवशी मी वळणावरच्या मातीच्या बांधावर जाऊन उभी राहिले, कारण तिथून बोटी समोरून येताना दिसतात. चूक केली. सानिकाची बोट धुक्यातून आली आणि तिच्या पाठीमागे, अगदी पाठीमागे, दुसरीचं टोक. दोघींत हातभर पाणी. मग वीतभर. सानिकाचे दोन्ही हात सुकाणूच्या दोऱ्यांवर. तिनं हात वर करावा म्हणून मी काय काय कबूल केलं ते देवालाही एकदम ऐकू आलं नसेल. ती करेना. मागून कुणीतरी “मरली” सुरू केलं.

मीच हात वर केला. दोन्ही. तोंड उघडं, आवाज नाही.

आणि सानिकाची बोट झटकन काठाकडे वळली. मागचीचं टोक तिच्या शेपटाला न शिवता सरळ पुढे गेलं आणि जलपर्णीच्या हिरव्या गादीत घुसून रुतलं. सानिकाची बोट वळण पार करून गेली. बिसनभाऊ म्हणाले, “नाही मरली, ताई,” आणि मला धरून बांधावर बसवलं.

नंतर सानिका ओल्या कपड्यांनिशी आली. मी बोलायच्या आत म्हणाली, “बरं झालं तिथं उभी होतीस. मला मागचं दिसत नाही. आमची पहिली वल्हेवाली पहिल्या फटक्यापासूनच ‘आली, आली’ करते, तिचा काय भरवसा? तुझे वर गेलेले हात बघितले, तुझं तोंड बघितलं आणि कळलं, आता वळायचं.”

घरी येऊन आठवडा झाला. दोन्ही खांदे अजून दुखतात. बघायला जायचं असेल तर जा, थंडीत पाणी सुंदर असतं असं काठावरचे सगळे म्हणत होते. मी खात्री देऊ शकत नाही, मी ते पाहिलं नाही. मी हात वर केले ते ‘हरले म्हण’ म्हणून, आणि तिनं त्याचा अर्थ ‘वळ’ असा लावला. आमच्यात हे पहिल्यापासून असंच आहे. यावेळी त्यामुळेच ती वाचली.

काल तिचा फोन आला. पुढच्या वर्षी त्याच बांधावर उभी राहा म्हणाली, आणि काहीही झालं तरी धीट होऊन येऊ नकोस.

मी म्हटलं, “बघू.”