भिकाऱ्याच्या शर्टाला इस्त्री

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की समोर नवीन उघडलेल्या यंत्रवाल्या लाँड्रीची पाटीसुद्धा दिसत नव्हती, आणि कडक काकूंना तेवढंच बरं वाटत होतं. जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात त्या इस्त्रीतले निखारे फुंकत होत्या. कपडे दमट, कोळसे दमट, आणि पडद्यामागच्या खोलीत पाय प्लॅस्टरमध्ये घालून पडलेला नवरा तर त्याहून दमट.

खळ घालावी तर काकूंनीच. कॉलर अशी उभी राहायची, की घालणाऱ्याला मान खाली घालायची सोय उरायची नाही. तोंडही तसंच, म्हणून गल्लीने नाव पाडलेलं. नवरा मात्र मऊ. सायकलवरून घरोघर कपडे पोचवायचा आणि वाटेत कुणी हात पुढे केला की नाणं ठेवायचा. "देऊ नका हो, हाताला वळण लागतं," हे काकूंचं; "अगं, असू दे," हे त्याचं. लग्नापासून चाललेलं भांडण, ना तो हटला ना ही.

तो ओल्या पायरीवरून घसरला आणि नाणी बंद झाली. चौकातला म्हातारा भिकारी तरीही उबेसाठी दुकानाच्या पायरीवर टेकायचा. काकूंनी त्याला दमडी दिली नाही. पण तो चुरगळलेला शर्ट रोज डोळ्यांसमोर! शेवटी आदल्या दिवशी सकाळीच त्यांना राहवलं नाही. "काढा तो शर्ट," म्हणाल्या. म्हाताऱ्याला चादरीत गुंडाळून बसवलं, शर्ट धुतला, खळ घातली, कडक इस्त्री केली. जाता जाता, "दाढीही करून या हो," असंही सुनावलं.

तो आज धुक्यातून आला तो फणफणतच.

"ताई, धंदा बसवलात माझा!"

"काय झालं?"

"काल दिवसभरात एकानं हातावर काही ठेवलं असेल तर शपथ! मी हात पुढे केला, तर एक बाई नमस्कार करून गेली. एकानं पत्ता विचारला. आणि एक बहाद्दर म्हणतो, साहेब, सुट्टे आहेत का?"

पडद्यामागून नवऱ्याच्या हसण्याचा आणि पाठोपाठ कण्हण्याचा आवाज आला.

काकूंना हसू फुटलं नाही. त्यांची नजर मागच्या गठ्ठ्यावर होती. समोरच्या उंच इमारतीचे कपडे तयार होऊन पडले होते आणि पोचवायला माणूस नव्हता. निखारे टाकून काकूंना हलता येत नव्हतं. यंत्रवाला मात्र कपडे घरी नेऊन देत होता. इमारतीतून निरोप आला होता, आज दुपारपर्यंत कपडे आले नाहीत तर उद्यापासून सगळे तिकडे. ती इमारत गेली की दुकानाला कुलूपच.

"पत्ता विचारला, तो सांगितलात का?" काकूंनी विचारलं.

"न सांगायला काय झालं? त्या इमारतीतलं प्रत्येक दार पाठ आहे मला. कुठून हाकललं नाहीये!"

काकूंनी इस्त्री खाली ठेवली. गठ्ठा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"अगं ए!" पडदा ओरडला. "पळाला म्हणजे?"

"अहो, रोज नाणं देत होतात ना? मग आता भरवसा का नाही?"

"नाणं द्यायला भरवसा लागतो होय?"

काकू म्हणाल्या, "तेच तर म्हणतेय मी इतकी वर्षं."

म्हातारा गठ्ठा घेऊन धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. काकू इस्त्री फिरवत राहिल्या, पण त्याच बाहीवरून पुन्हा पुन्हा. धुकं विरलं, पाटी दिसायला लागली, पाटीखाली हाताची घडी घालून उभा यंत्रवालाही दिसला. म्हातारा काही दिसेना. पडद्यामागून दर थोड्या वेळानं, "आला का गं?" आणि काकूंचं, "गप पडा."

मग इमारतीच्या फाटकातून एक गाठोडं चालत आलं. डोक्यावर एक, काखेत दुसरं. मधे कुठेतरी म्हातारा. यंत्रवाल्याच्या अगदी नाकासमोरून, मान ताठ ठेवून तो आला. कॉलरपुढे त्याचाही इलाज नव्हता.

"सगळं पोचलं," त्यानं गाठोडी आपटली. "हे सगळं इस्त्रीला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून काय म्हटलं माहितीये? या, म्हणाल्या. त्याच दारातून कुत्रं सोडलं होतं माझ्यावर! कुत्र्यानंही ओळखलं नाही!"

आता मात्र काकू हसल्या. इतक्या, की निखाऱ्यांची राख उडाली. पडद्यामागून टाळ्या. यंत्रवाला पाटीखालून आत गेला.

मजुरी हातात पडताच म्हातारा वळला. चौकातल्या आंधळ्या आजीच्या वाटीत त्यातलं काही टाकून आला.

"लागलात का तुम्हीही!" काकू कडाडल्या. "तिलाही कडक शर्ट चढवू?"

"ताई, तिला शर्ट नको. तिला द्यायचंच असतं. मी इतकी वर्षं शेजारी बसलोय, मला कळतं."

काकूंनी आजीकडे पाहिलं. मग गल्ल्यात हात घातला, रस्ता ओलांडला आणि त्या वाटीत नाणं ठेवून आल्या.

"झाला ना नाण्याचा आवाज?" नवरा पडद्याआडून म्हणाला. "मला इथवर ऐकू आला."

"तुमचे कान धड आहेत, पाय तेवढा लवकर बरा करा," काकू म्हणाल्या. नवं गाठोडं सोडलं, वरचाच शर्ट फळीवर पसरला आणि ओंजळीतलं पाणी त्यावर शिंपडलं.